यादीत नसलेली बाटली

बाबांची औषधांची यादी देखणी असते. वहीचं एक पान, पट्टीने मारलेल्या रेघा, सकाळ-दुपार-रात्र असे रकाने. बीपीच्या दोन गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी एक, कोलेस्टेरॉलची एक, प्रोस्टेटची एक, आम्लपित्ताची एक आणि एक व्हिटॅमिन. सात ओळी. डॉक्टरांसमोर बसलं की ते घडी उलगडून पान टेबलावर ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. अक्षराचं कौतुक व्हावं, एवढीच अपेक्षा.

त्या रात्रीही पान खिशात होतं. दोनच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती. ओटीपोट टणक झालेलं, धड बसवेना, धड उभं राहवेना. दवाखान्यात नळी घातली आणि पाच मिनिटांत माणूस माणसात आला. मग ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरबाईंनी यादी वाचली, अक्षर छान असल्याचं न विसरता सांगितलं आणि विचारलं, “काका, याशिवाय आणखी काही घेता?”

“नाही.”

“सर्दीखोकल्याचं काही? गोळी, सिरप?”

“घेत नाही काही,” बाबा म्हणाले, आणि मग प्रामाणिकपणाला जागून पुढे म्हणाले, “नाकात मारतो फक्त.”

शर्टाच्या खिशातून, त्या घडी घातलेल्या पानाच्या शेजारूनच, छोटी पांढरी बाटली निघाली. झायलोमेटाझोलिन, 0.1 टक्के. डॉक्टरबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली. किती दिवस? तीन महिने. दिवसातून किती वेळा? “नाक बंद झालं की,” बाबा म्हणाले. नाक सारखंच बंद होत होतं.

ती बाटली मी दिली होती.

म्हणजे पहिली मी दिली, पुढच्या त्यांनी स्वतः आणल्या. मला सर्दी झाली की मी दोन-तीन दिवस ती वापरायचे. रात्री नाक मोकळं होतं, झोप लागते, विषय संपतो. बाबांचं नाक चोंदलेलं पाहिलं तेव्हा सहज पुढे केली. माझ्या बीपीच्या गोळ्या मी त्यांना कधी दिल्या असत्या का? तोंडातून जाणारं औषध म्हणजे औषध, टोचलेलं म्हणजे तर मोठं औषध. पण नाकात मारायचं ते काय, मलमासारखं वरवरचं! आमच्या घरात असा हिशेब होता आणि तो कुणी कधी तपासून पाहिला नव्हता.

नंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो हिशेब आम्हाला बसवून समजावला. नाकाच्या आत, दोन्ही बाजूंना, भिंतीवर मांसल वळ्या असतात. त्यांच्यात रक्ताने भरणाऱ्या बारीक पोकळ्या असतात. रक्त साचलं की वळ्या फुगतात, वाट अरुंद होते आणि आपण म्हणतो नाक चोंदलं. निरोगी माणसातही हे चालूच असतं: काही तास एक नाकपुडी जरा बंद, दुसरी मोकळी, मग अदलाबदल. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने 1895 मध्येच हे लिहून ठेवलं आहे. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, फेनिलेफ्रिन ही औषधं त्या वळ्यांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर अल्फा रिसेप्टर नावाच्या जागा असतात, तिथे ती जाऊन बसतात. दहा मिनिटांत वाट मोकळी. म्हणून ही औषधं इतकी लाडकी.

पण तशाच जागा शरीरात इतरत्रही आहेत. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटच्या स्नायूंत तर भरपूर. तिथले स्नायू आवळले की लघवीची वाट अडते. बाबांची प्रोस्टेटची गोळी, टॅम्सुलोसिन, नेमकं उलटं काम करते. त्या जागा अडवते, स्नायू सैल पडतात, धार सुटते.

इथपर्यंत ऐकून मी अपराधी चेहरा करून बसले होते. पण डॉक्टरांनी पुढे विचारलं ते मला सुचलंच नव्हतं. “नाक चोंदायला लागलं कधीपासून?”

बाबांनी आठवून सांगितलं. प्रोस्टेटची गोळी सुरू झाल्यानंतर महिनाभरात.

टॅम्सुलोसिनच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांच्या यादीत नाक चोंदणं लिहिलेलं असतं. ती गोळी खाली सैल करते तशी नाकातल्या रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते. म्हणजे लघवीसाठी गोळी घेतली, तिने नाक बंद झालं. नाकासाठी फवारा घेतला, त्याने लघवी अडवायला हातभार लावला. मधल्या तपासणीत बाबांनी “धार पुन्हा बारीक झाली” अशी तक्रार केली होती आणि गोळीचा डोस वाढवायचा विचार चालला होता. वाढवला असता तर नाक आणखी चोंदलं असतं. बाबांनी फवारे वाढवले असते. एकाच घरात एकाने दार उघडायचं, दुसऱ्याने लावायचं, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

फवारा हेच एकमेव कारण होतं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. प्रोस्टेट मुळात वाढलेली होतीच. पण बाटलीवर, बारीक अक्षरात का होईना, प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा असं छापलेलं होतं. त्याच ओळीत उच्च रक्तदाब होता, हृदयविकार होता, थायरॉइड होता, मधुमेह होता. आणखी एक इशारा असतो तो डोळ्यातला कोन बंद होणाऱ्या काचबिंदूचा, आणि एक नैराश्यावरच्या एमएओ इनहिबिटर या जुन्या गटातल्या गोळ्यांचा. त्या गोळ्या चालू असताना हे फवारे वापरले तर रक्तदाब धोकादायक चढू शकतो. बाबा चष्मा लावून यादीला रेघा मारतात, पण बाटली वाचायला त्यांनी चष्मा लावला नव्हता. मी तर चष्म्याशिवाय वाचू शकते. मीही वाचलं नव्हतं.

नाकातलं औषध नाकातच राहतं, हा समज किती पोकळ आहे ते सांगणारी एक गोष्ट औषधशास्त्रात सांगितली जाते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या एका कंपनीत सर्दीवर नवं औषध शोधत होते. कचेरीतल्या एका सेक्रेटरीला सर्दी झालेली, म्हणून तिच्या नाकात थेंब घालून पाहिले. ती जी झोपली ती जवळजवळ दिवसभर. नाडी मंद, रक्तदाब खाली. ते औषध म्हणजे क्लोनिडिन. सर्दीचं औषध व्हायला निघालेलं रसायन पुढे रक्तदाबाचं औषध म्हणून जगभर गेलं. झायलोमेटाझोलिन त्याच रासायनिक कुळातलं. म्हणूनच असल्या फवाऱ्याची बाटली लहान मुलाच्या हाती लागून एक-दोन मिलिलिटर जरी पोटात गेलं, तरी मूल गुंगीत जाऊन दवाखान्यात न्यावं लागू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2012 मध्ये तसा इशारा दिला आहे.

आणि हा रस्ता डॉक्टर मुद्दाम वापरतातही. अर्धशिशीचं सुमाट्रिप्टान नाकातून देतात, अफूजन्य औषधांचा अतिरेक झालेल्या माणसाला शुद्धीवर आणायला नॅलोक्सोन नाकातून देतात, लघवीचं प्रमाण कमी करणारं डेस्मोप्रेसिन नाकातून देतात. नाकाची त्वचा पातळ, रक्ताने भरलेली. औषध लगेच शिरतं. हे फवारेही ज्याचे त्यालाच: सुमाट्रिप्टान हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला चालत नाही, डेस्मोप्रेसिनने रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं. डॉक्टरांनी बाबांना एक साधा प्रश्न विचारला होता: “डोळ्यात औषध घातल्यावर घशात कडू लागतं की नाही?” लागतं. डोळ्यातून बारीक नळी नाकात उतरते, तिथून औषध घशात. “मग,” डॉक्टर म्हणाले, “या जागा बाहेरच्या कशा?”

आता बाटली बंद करायची, हे ठरलं. पण ते सोपं नव्हतं. असे फवारे तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरायचे नसतात, कारण औषधाचा अंमल उतरला की रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. मग आणखी फवारा. मग आणखी फुगणं. सुरुवातीची सर्दी केव्हाच गेलेली असते. उरतं ते औषधानेच आणलेलं चोंदणं. रोग परवडला पण औषध आवर, म्हणतात ते हेच असावं. बाबांच्या बाबतीत तर गोळीमुळे चोंदणं आणि फवाऱ्यामुळे चोंदणं, दोन्ही एकावर एक.

डॉक्टरांनी युक्ती सांगितली: दोन्ही नाकपुड्या एकदम सोडवू नका, एक सोडवा. बीपी घरी रोज मोजा, लघवीवर लक्ष ठेवा आणि उजव्या नाकपुडीत तो फवारा आजपासून बंद. डावीत काही दिवस चालू, तोही फक्त रात्री. म्हणजे श्वासाला एक वाट राहते, माणूस घाबरत नाही. सोबतीला मिठाच्या पाण्याचा फवारा दोन्हीकडे आणि एक स्टेरॉइडचा फवारा, सकाळी एकदा. उशी उंच.

पहिले चार दिवस बाबा चिडचिडे होते. रात्री उठून बसायचे, खिसा चाचपायचे. मी बाटली माझ्या खोलीत ठेवली होती, हे त्यांना आवडलं नव्हतं. मी काय लहान आहे का, असं दोनदा म्हणाले. आठव्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, “उजवी सुधारली. डावी अजून व्यसनी आहे.” आणखी आठवड्याने डावीही सुटली.

मिठाच्या पाण्यावरून मात्र वाद झाला. बाबांना मीठ कमी सांगितलंय. “मला मीठ बंद आहे आणि तुम्ही मला नाकातून मीठ देताय?” प्रश्न चुकीचा नव्हता. कुठल्याही फवाऱ्याबद्दल असाच संशय घ्यायला हवा, फक्त उत्तरही शोधायला हवं. मी कागद घेतला. साध्या सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 9 मिलिग्रॅम. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिलिलिटर. म्हणजे फवाऱ्यामागे एक मिलिग्रॅमही नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. तेवढं व्हायला साडेपाच हजारांवर फवारे लागतील. बाबांनी गुणाकार स्वतः करून पाहिला आणि मगच बाटली हातात घेतली.

रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड, साखर, काचबिंदू, काहीही असो, बहुतेकांना निर्धास्तपणे वापरता येईल असा फवारा कुठला, तर हाच. त्यात आवळणारं काही नाही, सुस्त करणारं काही नाही. चमत्कारही नाही, हेही खरं; दहा मिनिटांत वाट उघडायची सवय झालेल्याला तो पाण्यासारखाच वाटतो. अर्थात बाटली हाती घेतली की घटक वाचायचे, कारण सलाइनसारख्या दिसणाऱ्या खोक्यातही कधी आवळणारं औषध मिसळलेलं असतं. आणि भांड्याने नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच. अमेरिकेतल्या लुइझियानात 2011 मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुतलेल्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला होता. तेच पाणी पिऊन काही होत नाही. पोटातलं आम्ल त्या अमीबाला जगू देत नाही. नाकात तसा पहारेकरी नाही.

स्टेरॉइड हा शब्द ऐकून आई दचकली. “हाडं ठिसूळ होतात ना त्याने? साखर वाढते ना?” गोळ्यांच्या बाबतीत तिचं बरोबर होतं. नाकातल्या फवाऱ्यात डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, आणि त्यातही सगळे सारखे नाहीत. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन यांचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग रक्तात पोचतो. बुडेसोनाइडचा सुमारे एक तृतीयांश. बऱ्याच आजारांचं ओझं असलेल्या माणसाला डॉक्टर सहसा पहिल्या दोहोंतलं का देतात, ते यावरून कळतं. रक्तदाबाला आणि लघवीला त्यांचा त्रास नाही. फक्त धीर हवा. आज मारलं, आज मोकळं, असं होत नाही. पुरता परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. बरेच जण चौथ्या दिवशी “हे काही चालत नाही” म्हणून जुन्या बाटलीकडे वळतात.

पण कमी धोका म्हणजे सगळ्यांनाच बिनधोक असं नाही. एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाविर किंवा कोबिसिस्टाट घेणाऱ्यांनी फ्लुटिकासोन आपल्या मनाने घेऊ नये. यकृतात ते औषध मोडण्याचं काम ही औषधं थांबवतात आणि नाकातलं एवढंसं स्टेरॉइड शरीरात साचत जातं. चेहरा सुजेपर्यंत, शरीराची स्वतःची स्टेरॉइड ग्रंथी झोपी जाईपर्यंत. बुरशीविरोधी इट्राकोनाझोल, कीटोकोनाझोल यांचंही तसंच. दम्यासाठी आधीच स्टेरॉइडचा इनहेलर चालू असेल तर दोन्ही डोसांची बेरीज डॉक्टरांनी केलेली बरी. काचबिंदू असेल तर डोळ्यांचा दाब मधूनमधून मोजून घ्यायचा.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता: रक्त पातळ करणारी गोळी. पूर्वी त्यांचा दोनदा घोळणा फुटला होता. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, बहुतेक घोळणे तिथेच फुटतात. आणि आपण सगळे फवारा नेमका तिथेच मारतो, कारण उजव्या हाताने उजवी नाकपुडी सोपी पडते. डॉक्टरांनी हात बदलायला लावला. उजव्या हाताने डावी, डाव्या हाताने उजवी. तोंड कानाच्या दिशेने, पडद्याकडे नाही. मान मागे नाही, किंचित पुढे. जोरात ओढायचं नाही, ओढलं की औषध घशात जातं. हे एवढंसं शिकायला बाबांना तीन फेऱ्या लागल्या. मला चार. मी तोवर आयुष्यभर घशात फवारे मारत आले होते.

बाकीच्यांची हजेरी थोडक्यात. ॲझेलास्टिन हा ॲलर्जीवरचा फवारा लवकर काम करतो, रक्तदाबाला त्रास देत नाही. पण चव कडू आणि काहींना पेंग येते, म्हणून झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या, पडायची भीती असलेल्या वयस्कांनी जपून. इप्राट्रोपियम वाहणारं नाक थांबवतं, चोंदलेलं उघडत नाही, आणि प्रोस्टेट किंवा बंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांना तेही विचारल्याशिवाय नाही. क्रोमोग्लिकेट हेही ॲलर्जीवरचंच, अगदी गरीब स्वभावाचं, पण दिवसातून तीन-चारदा मारायचं, म्हणून लोक कंटाळतात. मेंथॉलचे नैसर्गिक म्हणवणारे फवारे नाकाला गार वाटवतात, वाट मात्र तेवढीच राहते. आणि नैसर्गिक या शब्दाला भुलणाऱ्यांसाठी एवढंच: जस्त घातलेली नाकातली सर्दीची औषधं वापरून लोकांचा वास जातोय, म्हणून 2009 मध्ये एफडीएने ती वापरू नका असं सांगितलं होतं.

फवारा नको तर गोळी घेऊ, हा बाबांचा पुढचा बेत. म्हणजे आगीतून फुफाट्यात. स्यूडोएफेड्रिनची गोळी थेट रक्तात जाते, रक्तदाब आणि लघवी दोन्हींना फवाऱ्यापेक्षा जास्त छळते. फेनिलेफ्रिनची गोळी तर, 2023 मध्ये एफडीएच्या सल्लागार मंडळाने एकमताने सांगितलं त्याप्रमाणे, चोंदलेल्या नाकावर काम करत असल्याचा पुरावाच नाही.

आणि काही नाकांना फवाऱ्याआधी डॉक्टर हवेत. एकाच बाजूचं चोंदणं हटत नाही, एकाच बाजूने रक्त येतं, असं नाक. किंवा मधुमेह हाताबाहेर गेलेला, प्रतिकारशक्ती खाली गेलेली, आणि नाकात काळ्या खपल्या, गाल दुखतोय, डोळा सुजलाय. तिथे बाटली शोधत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

बाबांचं नाक आता कसं आहे? बरंच बरं, पूर्ण नाही. प्रोस्टेटची गोळी चालूच आहे आणि तिचा थोडा कर नाकाला भरावा लागतो. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं: लघवी अडण्यापेक्षा नाक थोडं बंद चाललं तर चालवून घ्या. बाबांनी चालवून घेतलंय. मला मात्र अजून त्यांच्या खोलीतून रात्री नाक ओढल्याचा आवाज आला की झोप उडते.

गेल्या रविवारी त्यांनी नवं पान लिहायला घेतलं. पट्टी, रेघा, रकाने. सात ओळी झाल्यावर त्यांनी आठवी आखली: ‘नाकात, स्टेरॉइड, सकाळी, हात उलटा.’ नववी: ‘नाकात, मीठपाणी, लागेल तसं.’ मग शाई वाळायला पान बाजूला ठेवून पेनाला टोपण लावलं.

आई समोर बसून बघत होती. तिची यादी कधीच नव्हती, तिला लागतोच कुठे काय, असं आम्ही धरून चाललेलो. दम्याचा पंप आहे, पण तो काय, लागला तर घ्यायचा.

“अहो,” ती म्हणाली, “माझे डोळ्यातले थेंब पण धरायचे का यात?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढून कोरं पान समोर ओढलं आणि पट्टी ठेवली. मी थेंबांचं खोकं आणायला उठले. या वेळी वाचायला.